मुलांच्या मेंदूंतील एक दुर्मिळ गांठ



मुलाचें डोकें दुखूं लागलें म्हणजे आपण काय करतों? ऊन लागलें असेल, जागरण झालें असेल, शाळेंत जावयाचा कंटाळा आला असेल, असें म्हणून कपाळाला बाम चोळतों आणि त्यास निजवितों. बहुधा आपला तर्क खरा ठरतो. मुलांच्या डोकेदुखीचीं बहुतेक कारणें साधीं असतात व तीं आपोआप दूर होतात. आज ज्या व्याधीविषयीं बोलावयाचें आहे ती मात्र या साध्या कारणांत मोडत नाहीं. ती फार विरळा आहे. इतकी, कीं पुष्कळ डॉक्टरांच्या उभ्या आयुष्यांत तिचा एकहि बालरोगी त्यांच्यापुढें येत नाहीं. मग तिच्यावर सबंध भाषण कशाला, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर असें कीं, ही व्याधि दुर्मिळ असली तरी असाध्य नाहीं. आणि ती ओळखण्याच्या वाटेवर एक चकवा आहे. तो चकवा घरच्या माणसांस ठाऊक असला तर मुलाचे महिने वांचतात, आणि महिने वांचले म्हणजे पुष्कळदां मूलहि वांचतें.

या व्याधीस डॉक्टर ‘मध्यवर्ती मज्जासंस्थेचा प्राथमिक लिंफोमा’ असें लांबलचक नांव देतात. नांवाची फोड केली म्हणजे अर्थ उलगडतो. आपल्या रक्तांत तांबड्या पेशींबरोबर पांढऱ्या पेशीहि असतात, आणि पांढऱ्या पेशींत लसिकापेशी नांवाची एक जात आहे. रोगजंतूंशीं झुंजणें हें तिचें काम. गळा, काख, जांघ येथील गांठी हीं त्यांचीं ठाणीं होत. पायाची जखम चिघळली म्हणजे जांघेंत अवधाण येतें, घसा सुजला म्हणजे जबड्याखालीं गांठ हाताला लागते; तें या पहारेकऱ्यांच्या धांवपळीचेंच चिन्ह असतें. काम संपलें कीं वाढलेल्या पेशी मरून जातात व गांठ ओसरते. परंतु क्वचित् एखाद्या पेशीच्या आनुवंशिक द्रव्यांत असा बिघाड होतो कीं, ती थांबावयाचें विसरते आणि तिची संतति वाढतच राहते. लसिकापेशींच्या या बेबंद वाढीस लिंफोमा म्हणतात. लंडनचे डॉ. टॉमस हॉजकिन यांनीं १८३२ सालीं अशा ग्रंथिरोगाचें वर्णन केलें, तेव्हांपासून हा रोग वैद्यकाच्या ओळखीचा आहे. तो बहुधा गळ्यांत, छातींत किंवा पोटांत उद्भवतो. शरीरांत इतरत्र कोठेंहि नसून केवळ मेंदूंत, मज्जारज्जूंत, त्यांच्या आवरणांत किंवा डोळ्याच्या आंतल्या भागांत तो उद्भवला, तर त्यास प्राथमिक म्हणावयाचें.

येथें एक कोडें उभें राहतें. मेंदूंत लसिकाग्रंथि नाहींत. मग लसिकापेशींचा रोग तेथें कसा? या कोड्यानें वैद्यांना बराच काळ चकविलें. अमेरिकेंतील पर्सिव्हल बेली यांनीं १९२९ सालीं या गांठीचें वर्णन केलें, तेव्हां रक्तवाहिन्यांभोवतीं दाटी करणाऱ्या या पेशी मूळच्या कोणत्या, हें ठरलें नव्हतें. पुढें कित्येक वर्षें ही मेंदूच्याच पेशींची विकृति समजली जाई. सूक्ष्मदर्शकाखालीं पेशींची जात ओळखण्याचीं साधनें सुधारलीं, तेव्हां त्या लसिकापेशीच आहेत असें सिद्ध झालें. निरोगी मेंदूंतहि हे पहारेकरी थोड्या संख्येनें फेरी मारून जातात. आणि २०१५ सालीं तर उंदरांच्या मेंदूच्या आवरणांत प्रत्यक्ष लसिकावाहिन्या आढळल्या. मेंदू आपण समजत होतों तितका एकांतवासी नाहीं.

हा रोग मुख्यतः उतारवयाचा. सर्व वयांचे रोगी एकत्र धरले तर त्यांत मुलें व किशोर मिळून शंभरांत सुमारें एक भरतो. मुलांतहि तो बहुधा थोड्या मोठ्या वयांत, म्हणजे चौदा वर्षांच्या मागेंपुढें दिसतो. ज्यांची प्रतिकारशक्ति जन्मतःच दुबळी आहे, ज्यांना एच.आय.व्ही.ची बाधा झाली आहे, किंवा अवयवरोपणानंतर जीं प्रतिकार दडपणारीं औषधें घेत आहेत, अशा मुलांस धोका अधिक. त्यांच्या गांठींत पुष्कळदां एपस्टाईन-बार नांवाचा विषाणु सांपडतो. हा विषाणु १९६४ सालीं आफ्रिकेंतील मुलांच्या एका वेगळ्या लिंफोमांत प्रथम दिसला. त्या लिंफोमाचें वर्णन युगांडांत काम करणारे शल्यवैद्य डेनिस बर्किट यांनीं १९५८ सालीं केलें होतें. आफ्रिकेंतील त्या जबड्याच्या गांठीचा हिंवतापाशीं संबंध दिसून आला आहे. पण त्यावरून हिंवतापामुळें मेंदूंत लिंफोमा होतो असा निष्कर्ष कोणीं काढूं नये. शिवाय, पुष्कळ मुलें अशीं असतात कीं त्यांच्यांत यांपैकीं कोणतेंहि कारण आढळत नाहीं. आईच्या खाण्यापिण्यांत, लशींत किंवा मुलाच्या पडण्याझडण्यांत याचें मूळ शोधीत बसणें व्यर्थ होय. आणि हा रोग एकापासून दुसऱ्यास लागत नाहीं.

आतां लक्षणें. कवटी हाडाची, आंत जागा मोजकी. तेथें गांठ वाढूं लागली कीं दाब वाढतो. मूल सकाळीं उठतें तेंच डोकें धरून. वांति होते, वांतीनंतर घटकाभर बरें वाटतें, आणि दुसऱ्या सकाळीं पुन्हां तोच प्रकार. असें आठवडेच्या आठवडे चालतें व वाढत जातें. कोणाचा डोळा तिरळा होतो, एकाच्या दोन वस्तू दिसतात. कोणाचा चालतांना झोक जातो, कोणाच्या एका हातांतली शक्ति कमी होते. कोणास पूर्वी कधीं न आलेले झटके येतात. कधीं कधीं पहिली खूण वहींत दिसते. सुरेख अक्षर काढणाऱ्या मुलाचें अक्षर बिघडतें, शांत मूल चिडखोर होतें, हुशार मूल मागें पडूं लागतें. यांपैकीं एकहि लक्षण लिंफोमाचें खास असें नाहीं. मेंदूंतील कोणत्याहि गांठीनें हें सर्व होऊं शकतें, आणि मुलांच्या मेंदूंतील गांठींतहि लिंफोमाचा वांटा अगदीं थोडा आहे. परंतु अशीं लक्षणें टिकून राहिलीं तर चष्म्याचा नंबर बदलण्यावर किंवा रागें भरण्यावर न थांबतां मेंदूचें चित्र काढून घ्यावें, एवढें निश्चित.

चित्रांत गांठ दिसली म्हणजे मग आरंभीं सांगितलेला चकवा सुरू होतो. तो समजण्यासाठीं आपण महाराष्ट्राच्या पूर्व टोंकाच्या गोंदिया जिल्ह्याकडे पाहूं. १ मे १९९९ रोजीं भंडाऱ्यांतून वेगळा झालेला हा जिल्हा धानाचा व तलावांचा. सालेकसा, देवरी, अर्जुनी-मोरगांव या बाजूस दाट जंगल, एकीकडे मध्यप्रदेश व दुसरीकडे छत्तीसगड. अशा मुलुखांतील डॉक्टरापुढें झटके आलेलें मूल आणलें, तर त्याच्या मनांत प्रथम काय येईल? ताप असला तर मेंदूंत शिरलेला हिंवताप. पूर्व विदर्भांत सिकलसेलचा रोग असलेलीं मुलें आहेत, त्यांच्या मेंदूचा रक्तपुरवठा तुटूं शकतो. तेंहि मनांत येईल. आणि चित्रांत गांठ असली तर क्षयाची गांठ, किंवा पट्टकृमीच्या अळीची पुटकुळी. या दोन्ही गोष्टी आपल्या देशांतील मुलांत लिंफोमाहून कितीतरी अधिक आढळतात. तेव्हां डॉक्टर हाच तर्क आधीं करतो, आणि तो करणें योग्यच आहे. जें पुष्कळदां घडतें त्याचा विचार प्रथम करावा, हा वैद्यकाचा जुना दंडक आहे.

अडचण पुढेंच येते. क्षयाच्या गांठीवर किंवा अळीवर औषध देतांना मेंदूची सूज उतरावी म्हणून बरोबर स्टेरॉईड नांवाचीं द्रव्यें देतात. इतर बहुतेक गांठींत या द्रव्यांनीं केवळ सूज उतरते; लिंफोमाचें तसें नाहीं. लसिकापेशींना स्टेरॉईड हें प्रत्यक्ष विष आहे. तिच्या संपर्कानें त्या भराभर मरतात. परिणामीं गांठ थोड्या दिवसांत लहान होते, कधीं चित्रांतून पार नाहींशी होते. मूल हंसूंखेळूं लागतें. आईबापांस वाटतें, निदान बरोबर होतें; डॉक्टरांसहि तसेंच वाटतें. पण सगळ्या पेशी मेलेल्या नसतात. कांहीं आठवड्यांनीं वा महिन्यांनीं गांठ परत येते, त्याच जागीं किंवा दुसरीकडे. इंग्रजी वैद्यकग्रंथांत हिला भुतासारखी गांठ म्हटलें आहे, तें या लपंडावामुळेंच. आणि मधल्या काळांत कोणीं तिचा तुकडा काढून तपासला तर त्यांत मेलेल्या पेशींचा चुरा तेवढा दिसतो; रोगाचें नांव कळत नाहीं.

यावरून स्टेरॉईड वाईट, असा अर्थ मात्र कोणीं घेऊं नये. मेंदूवरील दाब प्राणावर बेतला असतां हेंच द्रव्य मुलास तारतें. तशा वेळीं तें देणें डॉक्टराचें कर्तव्यच असतें, आणि घरच्यांनीं त्यास आडकाठी करणें घातक ठरेल. सांगावयाचें आहे तें इतकेंच कीं, मूल स्थिर असेल आणि गांठीचें स्वरूप संशयास्पद असेल, तर तुकडा तपासण्याचा विचार स्टेरॉईड सुरू करण्यापूर्वीं व्हावा. आईबापांनीं आदरानें एक प्रश्न विचारावा : “डॉक्टरसाहेब, ही गांठ लिंफोमाची असण्याचा संभव आहे कां? असेल तर औषधाआधीं तपासणी करतां येईल कां?” या प्रश्नाचा कोणाहि जाणत्या डॉक्टरास राग येणार नाहीं. आणि दुसरी गोष्ट अशी कीं, मुलाला आधीं कोणीं कोणतें इंजेक्शन किंवा गोळी दिली असेल, तर ती लपवूं नये. गांवच्या दवाखान्यांत दिलेली साधी वाटणारी सुईहि स्टेरॉईडची असूं शकते, आणि ती गोष्ट पुढच्या डॉक्टरास कळली नाहीं तर तुकड्याच्या तपासणीचा अर्थ चुकतो.

तपासणीची रीत अशी. एम.आर.आय. चित्रांत ही गांठ बहुधा मेंदूच्या खोल भागांत, पोकळ्यांच्या आसपास दिसते आणि शिरेंतून दिलेल्या द्रव्यानें एकसारखी उजळते. पण चित्रावरून संशय येतो, निर्णय होत नाहीं. त्यासाठीं कवटीस बारीक छिद्र पाडून, गणितानें नेमकी जागा ठरवून, सुईनें गांठीचा कण काढतात, हीच बायॉप्सी. पाठींतून मज्जाद्रव काढून तपासतात, डोळे आंतून तपासतात, एच.आय.व्ही.ची परीक्षा करतात आणि शरीरांत इतरत्र लिंफोमा नाहीं ना, तेंहि पाहतात. येथें पुष्कळांना नवल वाटतें कीं, गांठ दिसतेच आहे तर ती कापून कां काढीत नाहींत? कारण हा रोग एका गोळ्यापुरता नसतो. त्याच्या पेशी रक्तवाहिन्यांच्या कडेनें दूरवर पसरलेल्या असतात. सुरीनें गोळा काढला तरी रोग मागें राहतो, आणि खोल भागांत सुरी घातल्यानें वाचा किंवा हातपाय मात्र जाऊं शकतात. या रोगांत शस्त्रक्रिया नांव शोधून देते. रोग हटवावयाचा तो औषधानेंच.

त्या औषधाची कथा मुंबईशीं जोडलेली आहे, आणि ती प्रत्येक मराठी माणसास ठाऊक असावी अशी आहे. १९२८ सालीं लूसी विल्स नांवाच्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या. परळच्या हाफकिन संस्थेंत राहून त्यांनीं कापडगिरण्यांतील गरीब गरोदर बायांच्या पांडुरोगाचा शोध केला. यीस्टच्या साध्या अर्कानें तो पांडुरोग बरा होतो, असें त्यांनीं १९३१ सालीं दाखवून दिलें. त्या अर्कांत कोणतें द्रव्य होतें? तेंच पुढें फॉलिक आम्ल म्हणून ओळखलें गेलें. आज गरोदर स्त्रीस जी गोळी देतात, ती त्याचीच. नव्या पेशी घडण्यास हें द्रव्य अवश्य लागतें. आंध्रांत जन्मलेले शास्त्रज्ञ यल्लाप्रगडा सुब्बाराव हे अमेरिकेंत ज्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते, तेथें १९४५ च्या सुमारास हें आम्ल कृत्रिम रीतीनें तयार झालें. आणि मग विचार उलटा फिरला. पेशी वाढावयास जें लागतें, त्याची हुबेहूब पण खोटी प्रतिमा पेशीस खाऊं घातली तर? सुब्बाराव यांच्या सहकाऱ्यांनीं अशीं खोटीं द्रव्यें बनविलीं; बोस्टनचे डॉ. सिडने फार्बर यांनीं त्यांतील एक रक्ताच्या कर्करोगानें आजारी असलेल्या १६ मुलांस दिलें आणि १० मुलांस कांहीं काळ उतार पडला. हें वृत्त १९४८ सालीं प्रसिद्ध झालें. त्याच द्रव्याचें किंचित् बदललेलें रूप म्हणजे मेथोट्रेक्सेट; मेंदूच्या लिंफोमावरील मुख्य अस्त्र आजहि तेंच आहे.

मेंदूंत तें पोंचविणें मात्र सोपें नाहीं. रक्त आणि मेंदू यांच्यामध्यें एक सूक्ष्म तटबंदी आहे. पॉल एर्लिक यांनीं १८८५ च्या सुमारास प्राण्यांच्या रक्तांत रंग सोडून पाहिला, तेव्हां सारे अवयव रंगले आणि मेंदू तेवढा कोरा राहिला. ही तटबंदी विषापासून मेंदूचें रक्षण करते, पण औषधालाहि अडविते. म्हणून मेथोट्रेक्सेट अतिशय मोठ्या मात्रेंत शिरेंतून देतात, म्हणजे त्यांतला पुरेसा अंश पलीकडे झिरपतो. अशी मात्रा निरोगी पेशींसहि मारक असते; तेव्हां ठराविक तासांनीं फॉलिनिक आम्ल हा उतारा देतात, मुबलक पाणी चढवितात, मूत्र क्षारीय ठेवतात आणि रक्तांत औषध किती उरलें तें वेळोवेळीं मोजतात. हा सर्व बंदोबस्त ज्या रुग्णालयांत आहे तेथेंच हा उपचार व्हावा, हें यावरून ध्यानांत येईल. गांठीच्या जातीप्रमाणें सायटराबिन, रिटुक्सिमॅब आदि दुसरीं औषधेंहि जोडतात. किरणोपचारानेंहि या पेशी मरतात. परंतु वाढत्या मेंदूवर किरण टाकले तर स्मृति, बुद्धि व शरीराची वाढ यांवर कायमचा परिणाम होण्याची भीति असते. म्हणून मुलांत शक्य तोंवर तो टाळण्याकडे डॉक्टरांचा कल असतो.

आणि फळ काय? २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणींत निरनिराळ्या देशांतील २९ मुलें व किशोर होते. तीन वर्षांनंतर त्यांच्यापैकीं जिवंत असणाऱ्यांचें प्रमाण शेंकडा सुमारें ८२ होतें, आणि त्यांतील बहुतेकांवर किरणोपचार न करतां केवळ औषधेंच योजलीं होतीं. संख्या लहान आहे हें खरें. इतक्या विरळ रोगांत ती मोठी असणार कशी? तरी वृद्धांपेक्षां मुलें या रोगांतून पुष्कळ चांगल्या रीतीनें निभावतात, इतकें त्यावरून निःसंशय म्हणतां येतें.

राहतां राहिला गोंदियापासून त्या औषधापर्यंतचा रस्ता. गोंदियास २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. रेल्वेनें सुमारें १३० किलोमीटरांवर नागपूर. तेथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आणि जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था आहे. आणखी पुढें, विदर्भ एक्सप्रेसनें रात्रभर प्रवास केला म्हणजे मुंबई. परळचें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं उघडलें, आणि तेथील प्रयोगशाळांची घडी डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं बसविली. हाफकिन संस्थेपासून हें रुग्णालय पायीं जाण्याच्या अंतरावर आहे. पैशाची चिंता खरी आहे, परंतु तिच्यापायीं घरींच थांबूं नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेंत कर्करोगाचे उपचार येतात. कर्करोग्यास रेल्वेभाड्यांत सवलत मिळते. मुंबईंत दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि २००६ पासून चाललेलीं सेंट ज्यूड संस्थेचीं घरें बाहेरगांवच्या कुटुंबांस आसरा देतात. रुग्णालयांतील समाजसेवा विभागांत पहिल्याच दिवशीं जाऊन चौकशी केली तर यांतील पुष्कळसें साधतें.

शेवटचा धोका उपचार अर्ध्यावर सोडण्याचा. पहिल्या एकदोन मात्रांनंतर मूल ठणठणीत दिसतें. इकडे रोवणीचे दिवस आलेले असतात, घरीं दुसरीं मुलें असतात, मजुरी बुडत असते. आणि बाप म्हणतो, आतां बरा झाला, चला गांवीं. मघां सांगितलेला गांठीचा लपंडाव येथें आठवावा. दिसेनाशी झालेली गांठ ही गेलेली गांठ नव्हे. ठरलेल्या सर्व मात्रा पुऱ्या होईपर्यंत रोग संपला असें समजूं नये.

आपणां शहरांत राहणारांपैकीं पुष्कळांचे आप्त गांवीं आहेत, आणि आजारपण निघालें म्हणजे त्यांचा पहिला फोन आपणांलाच येतो. त्या वेळीं त्यांना तीन गोष्टी सांगाव्या. सकाळची डोकेदुखी व वांति आठवडाभराहून अधिक टिकली तर मेंदूचें चित्र काढावें. सर्व चित्रें, चिठ्ठ्या आणि दिलेल्या औषधांचीं नांवें तारखेसह एका पिशवींत ठेवावीं व ती पिशवी मुलाबरोबर न्यावी. आणि गांठीवरील उपचारानें लवकर उतार पडून ती पुन्हां दिसली, तर तेंच औषध पुन्हां चालू करण्यापूर्वीं मुलास मोठ्या रुग्णालयांत दाखवावें. एवढें करणें कोणत्याहि घरास जमण्यासारखें आहे.